एटीएमची जागा नकाशावर ठरते, पण वाशीम त्याआधी ८०० वर्षं भास्कराचार्यांच्या रेषेवर होतं

समजा, वाशीम शहरात एखाद्या बँकेला नवं एटीएम लावायचंय. आता हा शोध संगणकावरच्या नकाशावर घेता येतो. लोकवस्ती, बाजार, एसटी स्टँड, रस्ते आणि आधीची मशिन्स असे एकावर एक थर टाकायचे आणि कुठल्या भागातल्या लोकांना पैसे काढायला लांब जावं लागतं ते बघायचं. याला जीआयएस म्हणतात.

हे सगळं दोन आकड्यांवर उभं आहे, अक्षांश आणि रेखांश. यातला रेखांश काढणं भयंकर अवघड होतं. त्यात डोकं घातलेल्या एका माणसाच्या ग्रंथात वाशीमचं नाव आहे. तो माणूस म्हणजे भास्कराचार्य.

जन्म १११४ चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. १११४ अधिक ३६, म्हणजे ११५० मध्ये त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला. 'लीलावती' हा त्याचाच एक भाग. (घटिकापात्रात मोती पडून मुलीचा मुहूर्त चुकला ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण ती त्यांच्या ग्रंथात नाही.) वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी 'करणकुतूहल' रचला. पंचांगाचं गणित झटपट करता यावं यासाठीचं हे पुस्तक.

त्या काळी आपल्याकडचं गणित लंका, उज्जैन आणि मेरू यांना जोडणाऱ्या मध्यरेषेवरून चालायचं. आज ग्रीनिच आहे, तसं. आपलं गाव या रेषेच्या पूर्वेला की पश्चिमेला, आणि किती, यावर ग्रहांच्या गणितात दुरुस्ती करावी लागे. 'करणकुतूहल'मध्ये या रेषेवरच्या गावांची यादी आहे आणि तिच्यात वत्सगुल्म आहे. वत्सगुल्म म्हणजे वाकाटकांची राजधानी, आजचं वाशीम. गावातल्या मध्यमेश्वराच्या मंदिराचा संबंधही लोक याच रेषेशी जोडतात.

आता गंमत बघा. उज्जैनचा रेखांश साधारण ७५.८ आहे आणि वाशीमचा ७७.१. उज्जैनवरून सरळ खाली रेघ ओढली तर ती जालना जिल्ह्यातून जाते. वाशीम तिच्यापासून सुमारे १४० किलोमीटर पूर्वेला राहतं.

मग भास्कराचार्य चुकले का? चुकीचं मूळ त्यांच्याही आधीचं आहे. सातव्या शतकात याच नावाचे दुसरे गणिती होऊन गेले, पहिले भास्कर. त्यांच्या 'महाभास्करीय'मधल्या यादीतही हे गाव आहे. म्हणजे ५०० वर्षं जुनी नोंद पुढे चालत आली. ज्यांनी बंद पडलेलं मशीन वर्षानुवर्षं मोबाईलच्या नकाशावर पाहिलंय, त्यांना हे नवीन वाटणार नाही.

खरं तर अंतर तपासायची पद्धत त्यांना माहीत होती. चंद्रग्रहण सगळीकडे एकाच क्षणी घडतं. मध्यरेषेसाठी गणितानं आलेली वेळ आणि आपल्या गावात प्रत्यक्ष दिसलेली वेळ यांची तुलना करायची. ग्रहण गणितापेक्षा उशिरा दिसलं तर गाव पूर्वेला. एका घटकेचा, म्हणजे २४ मिनिटांचा फरक म्हणजे ६ अंश. वाशीमचा फरक पाव घटकेहून कमी, जेमतेम साडेपाच मिनिटांचा. पाण्यावर तरंगणाऱ्या घटिकापात्रानं तो पकडायचा कसा? माझ्या मते पंचांगाला एवढी चूक चालून गेली असती. एटीएमच्या नकाशात मात्र तेवढ्याच चुकीनं वाशीमचं मशीन जालन्यातल्या एखाद्या शेतात जाऊन बसेल.

भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव यादवांच्या दरबारी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चांगदेवानं चाळीसगावजवळच्या पाटण्याला मठ काढला. तिथला १२०७ चा शिलालेख पुढे भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्याचा शेवटचा भाग मराठीत आहे. मठाच्या खर्चासाठी पाटण्याच्या बाजारातल्या गिऱ्हाइकांकडून राजाला मिळणारा कर लावून दिल्याचं त्यात नोंदवलंय.