पहिले रघूजी भोसले : राज्यविस्तार आणि दैवी आज्ञेची धारणा

बडनेरा स्थानकावर हावड्याकडे जाणाऱ्या गाड्या तुम्ही अनेकदा पाहिल्या असतील. लोहमार्ग येण्याच्या सुमारे सव्वाशे वर्षे आधी या वऱ्हाड-नागपूर प्रदेशातून मराठ्यांचे घोडदळ त्याच दिशेने बंगालवर गेले होते. त्या स्वाऱ्यांचे सूत्रधार पहिले रघूजी भोसले (१६९५-१७५५) यांचे चरित्र आपण येथे पाहणार आहोत. राज्यविस्तार ही ईश्वराचीच योजना आहे, अशी धारणा कशी आकार घेते, हे त्यातून समजते.

रघूजींचा जन्म वाईजवळील पांडववाडीचा. रामभक्त रामाजीपंत कोल्हटकर यांच्या आशीर्वादाने पुत्र झाला, म्हणून त्याचे नाव रघूजी ठेवले, असे परंपरा सांगते. म्हणजे कर्तृत्व दिसण्यापूर्वीच नावाला दैवी कृपेचा आधार मिळाला. पुढे चुलते कान्होजी यांना बाजूस सारून ते सेनासाहेबसुभा झाले. वऱ्हाडात त्या काळी निजाम आणि भोसले या दोघांचाही वसूल चाले. या दुअमलीचा भार अर्थातच बडनेऱ्यासारख्या गावांतील रयतेवर पडे.

१७४१ मध्ये रघूजींनी त्रिचनापल्ली जिंकली. १७४२ मध्ये त्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये शिरले. या स्वारीमागील व्यावहारिक कारण स्पष्ट होते : चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा. भास्कररामांनी काटव्याजवळ दुर्गापूजा मांडली. ती चालू असतानाच नवाब अलीवर्दीखानाने हल्ला केला. १७४३ मध्ये तर पेशवे नानासाहेब रघूजींविरुद्ध नवाबाच्या साहाय्यास गेले आणि अखेर छत्रपती शाहूंना दोघांची कार्यक्षेत्रे वाटून द्यावी लागली. ३१ मार्च १७४४ रोजी मनकरा येथे भेटीस बोलावून भास्कररामांना दग्याने ठार करण्यात आले. तरीही रघूजी मागे हटले नाहीत. १७५१ च्या तहाने ओडिशाचा महसूल आणि बंगालची वार्षिक १२ लक्ष रुपये चौथाई त्यांना मिळाली.

आता एका बंगाली काव्याकडे लक्ष द्या. गंगाराम या कवीने याच सुमारास ‘महाराष्ट्रपुराण’ रचले. पापांच्या भाराने पृथ्वी त्रस्त झाली, तेव्हा शिवाने नंदीला शाहूंकडे पाठवून ही स्वारी घडवली, अशी त्याची मांडणी आहे. ध्यानात घ्या, आक्रमणाला दैवी आज्ञेचा अर्थ येथे आक्रमण सोसणाऱ्या प्रदेशातील कवी देतो. अकल्पित संकटाला कारण शोधण्याचा हा मार्ग होता. मात्र सैनिकांनी गावे जाळली, स्त्रियांवर अत्याचार केले, तेव्हा त्याच काव्यातील देवी भास्कररामांवर कोपते आणि त्यांचा अंत होतो. कवीच्या दृष्टीने दैवी आज्ञा विनाअट नव्हती.

रघूजींच्या निधनानंतर अर्धशतक उलटण्यापूर्वीच, १८०३ च्या देवगावच्या तहाने, भोसल्यांचे ओडिशा गेले आणि वऱ्हाडही गेले. म्हणून ऐतिहासिक चरित्र वाचताना तुम्ही दोन प्रश्न अवश्य विचारावेत : विजयाला ईश्वरी इच्छा असे नाव कोणी व केव्हा दिले? आणि त्या विजयाची किंमत कोणी मोजली? बंगालमधील जळालेल्या गावांबरोबर वऱ्हाडातील दुहेरी वसूल देणारा शेतकरीही दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आला पाहिजे.