पंडिता रमाबाई : वाँटेज व ऑक्सफर्ड येथील दिवस

बुरोंडीच्या बंदरावर सायंकाळीं उभें राहिलें म्हणजे पश्चिमेस पाण्यावांचून दुसरें कांहीं दिसत नाहीं. याच किनाऱ्यावर थोडें उत्तरेस, बाणकोट येथें, १८२३ सालीं स्कॉटलंडचे मिशनरी आले. पुढें हर्णै येथेंहि त्यांनीं सुवार्तेचें काम केलें. त्यानंतर साठ वर्षांनीं एक तरुण मराठी विधवा आपल्या दोन वर्षांच्या मुलीस घेऊन मुंबईहून याच समुद्रावरून उलट दिशेस निघाली. तिचें नांव पंडिता रमाबाई. त्यांचें नांव आपल्या मंडळ्यांत सर्वांस ठाऊक आहे. परंतु इंग्लंडांतील जुन्या, भव्य मंदिरांच्या मुलखांत त्यांनीं काय पाहिलें, आणि तेथून काय घेऊन त्या परत आल्या, याचा विचार आपण फारसा करीत नाहीं. तो आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत, गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये अशी त्या काळची समजूत असतां त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस शिकविलें, आणि आईनें मुलीस शिकविलें. हें कुटुंब पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं पायीं फिरत असे. तेव्हां मोठमोठीं देवळें रमाबाईंनीं लहानपणापासून पाहिलीं होतीं. तीं पाहून जिवाला शांति मिळत नाहीं, हेंहि त्यांनीं अनुभविलें होतें. दुष्काळांत आईबाप गेले, बहीणहि गेली. भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्या देशभर भटकत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचल्या. तेथील विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० त भाऊ वारले. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, पण १८८२ च्या आरंभीं तेहि पटकीनें वारले. पदरीं मनोरमा नांवाची तान्ही मुलगी राहिली.

मग त्या पुण्यास आल्या व आर्य महिला समाज स्थापून स्त्रियांच्या उद्धाराचें काम करूं लागल्या. वैद्यकी शिकावी या हेतूनें त्यांनीं विलायतेस जाण्याचा निश्चय केला, आणि स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहून त्याच्या विक्रींतून प्रवासखर्च उभा केला. २० एप्रिल १८८३ रोजीं मनोरमा व आनंदीबाई भगत या मैत्रिणीसह त्यांनीं मुंबई सोडली.

इंग्लंडांत त्यांचा मुक्काम वाँटेज या गांवीं झाला. तेथील पाळक विल्यम बटलर यांनीं १८४८ सालीं सेंट मेरीच्या भगिनींचा संघ स्थापिला होता, आणि त्या संघाच्या भगिनी १८७७ पासून पुण्यास काम करीत होत्या. वाँटेज हें लहानसें बाजाराचें गांव आहे. दक्षिणेस खडूच्या मातीच्या, गवतानें झांकलेल्या उघड्या टेकड्या आहेत. आपल्या कोंकणांत डोंगर खणला तर तांबडा जांभा लागतो. तेथें गवत कापलें कीं खालीं पांढरी शुभ्र माती लागते. पश्चिमेस कांहीं मैलांवर एका टेकडीच्या उतारावर फार प्राचीन काळच्या लोकांनीं अशा रीतीनें एक प्रचंड पांढरा घोडा कोरून ठेविला आहे. वाँटेजच्या चौकांत आल्फ्रेड राजाचा पुतळा १८७७ सालीं बसविला. त्याचा जन्म ८४९ सालीं तेथेंच झाल्याचें सांगतात. प्रजेला लॅटिन समजत नाहीं हें पाहून या राजानें चांगलीं पुस्तकें लोकांच्या बोलीभाषेंत उतरविण्याचा उद्योग केला. पुढें रमाबाईंनीं जें केलें त्याच्याशीं ही गोष्ट ताडून पाहण्यासारखी आहे.

तथापि रमाबाईंचें अंतःकरण ज्यानें हालविलें, तें ना टेकड्या, ना मंदिरें. लंडनजवळ फुलहॅम येथें त्या भगिनी पतित स्त्रियांसाठीं एक आश्रम चालवीत असत. रमाबाईंस तेथें नेण्यांत आलें. समाजानें ज्यांस टाकून दिलें, ज्यांच्या सावलीसहि कोणी उभें राहत नाहीं, अशा बायांची त्या भगिनी बहिणीप्रमाणें सेवा करीत होत्या. आपल्या देशांतील शास्त्रें रमाबाईंस मुखोद्गत होतीं. पण अशा बायांस दयेचा हात देणारें वचन त्यांत त्यांस आढळलें नव्हतें. ही दया कोठून आली, असें त्यांनीं विचारलें, तेव्हां एका भगिनीनें योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी बाईचा वृत्तांत त्यांस सांगितला. विहिरीवर बसून त्या बाईशीं बोलणारा तारणारा त्या दिवशीं रमाबाईंस दिसला.

याच वर्षीं त्यांच्यावर एक भयंकर प्रसंग कोसळला. त्यांची मैत्रीण आनंदीबाई हिचें मन अत्यंत अस्वस्थ झालें, आणि वाँटेज येथें सप्टेंबरांत तिनें आपल्या हातानें आपला अंत केला. परक्या मुलखांत आपल्या भाषेचें एकच माणूस होतें, तेंहि गेलें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेजच्या मंदिरांत रमाबाई व मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. त्या आनंदाच्या मागें केवढें दुःख होतें, हें आपण विसरूं नये.

या धक्क्यानंतर त्या ऑक्सफर्ड येथें प्रसिद्ध पंडित मॅक्स मुल्लर यांच्या घरीं पाहुण्या म्हणून राहिल्या. सायणभाष्यासह ऋग्वेद छापणारे ते हेच. दिवसा वेदाभ्यासी पंडिताचें घर, आणि रात्रीं इतकी भीति, कीं त्यांच्या खोलींत एक मोलकरीण निजावयास ठेवावी लागे. विद्येनें भीति जात नाहीं, बंधुजनांच्या सोबतीनें जाते.

ऑक्सफर्ड हें वाँटेजपासून सुमारें १५ मैलांवर, टेम्स व चरवेल या नद्यांच्या काठीं वसलेलें जुनें विद्यापीठाचें शहर आहे. बिशपाचें आसन ज्या मंदिरांत असतें त्यास कॅथीड्रल म्हणतात. येथील कॅथीड्रल क्राइस्ट चर्च या नांवाचें आहे. फ्रीड्सवाइड नांवाच्या एका भक्तिमान स्त्रीच्या नांवें चालत आलेल्या मठाचें तें मंदिर. १५४६ सालीं आठव्या हेन्री राजानें त्यास कॅथीड्रल केलें. इंग्लंडांतील कॅथीड्रलांत तें आकारानें लहानांपैकीं आहे. जॉन वेस्ली यांस १७२५ व १७२८ सालीं तेथेंच दीक्षा मिळाली. पण आम्हांस वाटतें कीं, त्या शहराचा खरा ठेवा उघड्या रस्त्यावर आहे. १५५५ त लॅटिमर व रिडले, आणि १५५६ त क्रॅन्मर, यांस तेथें विश्वासास्तव जिवंत जाळण्यांत आलें. या क्रॅन्मरनेंच लोकांस त्यांच्या भाषेंत प्रार्थना करितां यावी म्हणून इंग्रजी प्रार्थनापुस्तक सिद्ध केलें होतें. त्याच विद्यापीठांत दोन शतकें आधीं विक्लिफ होऊन गेला. संपूर्ण पवित्र शास्त्र प्रथम इंग्रजींत आलें तें त्याच्या प्रेरणेनें.

१८८४ त रमाबाई चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयांत गेल्या. त्यांस कमी ऐकूं येऊं लागल्यामुळें वैद्यकीचा बेत सुटला होता. मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्या हाताखालीं त्या इंग्रजी, गणित व सृष्टिशास्त्र शिकल्या, आणि स्वतः संस्कृत शिकवूं लागल्या. तेथून सुमारें ९ मैलांवर ग्लॉस्टर हें दुसरें कॅथीड्रलाचें शहर आहे. तेथील बिशप हूपर यांस १५५५ त आपल्याच मंदिरासमोर जाळलें. रॉबर्ट रेक्स यांनीं गरिबांच्या मुलांसाठीं १७८० सालीं शब्बाथशाळा काढली, तीहि याच शहरीं. आणि मूळ ग्रीकांतून नवा करार इंग्रजींत आणणारा टिंडेल हा याच परगण्याचा.

अशा भूमींत राहूनहि रमाबाई कोणाच्या दडपणाखालीं वांकल्या नाहींत. त्यांनीं पुरुषांस शिकवूं नये असें हिंदुस्थानांतील बिशपांनीं कळविलें, तेव्हां त्यांनीं नम्रपणें पण ठामपणें आपला विरोध नोंदविला. धर्ममताविषयीं जें पवित्र शास्त्रावरून पटेल तेंच मानीन, असा त्यांचा आग्रह असे. क्रूसावर लॅटिन अक्षरें कां, आपली संस्कृत कां नको, असेंहि त्यांनीं विचारलें. मांसाहार त्यांनीं केला नाहीं. ज्यांनीं आपल्यावर माया केली त्यांच्याशीं मतभेद पडणें हें सोपें दुःख नव्हे. तरी त्यांनीं कृतज्ञता सोडली नाहीं, व सदसद्विवेकबुद्धिहि विकली नाहीं.

१८८६ त त्या अमेरिकेस गेल्या व १८८९ त परत येऊन ११ मार्च रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें; पुढल्या वर्षीं तें पुण्यास नेलें. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं आपणांस धर्म मिळाला होता, पण स्वतः ख्रिस्त मिळाला नव्हता, असें त्यांस कळून आलें, आणि त्यांनीं त्यास संपूर्ण शरण जाऊन शांति मिळविली. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून सुमारें ३०० मुली व बाया वांचवून केडगांवास आणिल्या, तेंच मुक्तिसदन. तेथें पतित स्त्रियांसाठीं त्यांनीं कृपासदन काढलें. फुलहॅमचें बीं असें आपल्या मातींत रुजलें. उतारवयांत त्या इब्री व ग्रीक भाषा शिकल्या, आणि खेड्यांतील अडाणी बाईलाहि समजेल अशा सोप्या मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर करून मुक्तीच्याच छापखान्यांत तें छापूं लागल्या. १९२१ त मनोरमा वारली. तें दुःख सोसून त्यांनीं हें काम शेवटास नेलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूमध्यें निजल्या.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या खेड्यांतील उपासनामंदिर कौलारू असेल, पत्र्याचें असेल, कोठें कोठें नुसती पडवीच असेल. शहरांतील उंच मनोरे पाहून आलेला मनुष्य कधीं कधीं त्याची लाज धरितो. त्यानें रमाबाईंचें स्मरण करावें. जेथें शतकानुशतकें दगडावर दगड रचला गेला, त्या देशांतून त्यांनीं दगड आणिला नाहीं. टाकलेल्या बाईसाठीं दया, आणि आपल्या बोलींत देवाचें वचन, हीं दोनच त्यांनीं आणिलीं; आणि त्यांवर जिवंत धोंड्यांचें मंदिर उभारलें. उपदेशकांनीं या आठवड्यांत आपल्या गांवांत पाहावें : पाणवठ्यावर एकटी येणारी, जिच्याशीं कोणी बोलत नाहीं, अशी कोणी बाई आहे काय? तिच्या दारीं शास्त्र घेऊन जावें, व तिच्याच भाषेंत तें वाचून दाखवावें. तेथें जो आपल्याबरोबर बसेल, त्याचें मंदिर तेथेंच आहे.