वारा साठवू पाहणारा शिक्षक

‘डेन्मार्कचा एडिसन’ म्हणून ओळखले जाणारे पॉल ला कूर मूळचे हवामानशास्त्रज्ञ. १३ एप्रिल १८४६ रोजी जन्मलेल्या ला कूर यांनी डेन्मार्कच्या हवामान संस्थेचे उपसंचालकपद सांभाळले, तारायंत्रासाठी शोध लावले आणि १८७८ मध्ये ते आस्कोव्ह या खेड्यातील लोकविद्यालयात शिक्षक झाले. शेतकऱ्यांच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवताना त्यांना एक गोष्ट सलत असे. वीज शहरांत येत होती, खेडी मात्र अंधारातच होती. देशात कोळसा नव्हता; वारा मुबलक होता.

१८९१ मध्ये सरकारी अनुदानातून त्यांनी शाळेजवळ पवनचक्की उभारून तिला जनित्र जोडले. वारा कमीजास्त झाला तरी जनित्राची गती स्थिर राहावी, म्हणून वजने आणि कप्प्या वापरून ‘क्रॅटोस्टॅट’ हे साधन बनवले. खरी अडचण पुढची होती. वारा पडला की दिवे कशावर लावायचे?

शिशाच्या बॅटऱ्या तेव्हा उपलब्ध होत्या, पण महाग. ला कूर यांनी विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठवायला सुरुवात केली. १८९५ पासून सात वर्षे शाळेत या वायूचे दिवे जळत होते. टाकी होती १२ घनमीटरची. एका घनमीटर हायड्रोजनमध्ये साधारण तीन युनिट ऊर्जा असते, म्हणजे टाकी भरली की जेमतेम ३६ युनिट. आजच्या मध्यमवर्गीय घराला चार-पाच दिवस पुरेल एवढी. शिवाय ही ऊर्जा इंजिनातून पुन्हा विजेत आणायची, तर तिचा मोठा भाग उष्णता होऊन निघून गेला असता. धोकाही होताच. हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळला गेला की स्फोट होई, आणि शाळेच्या इमारतींच्या काचा पुन्हा बसवाव्या लागत.

शाळेपुरते जमलेले गावासाठी पुरेना. १९०२ मध्ये चक्कीची वीज आस्कोव्हच्या घरांत पोहोचली, तेव्हा हायड्रोजन मागे पडून बॅटऱ्याच आल्या. त्यांचा हिशेब सरळ, पण खिशाला जड: दुप्पट वीज साठवायची तर जवळपास दुप्पट बॅटऱ्या घ्यायच्या. आठवडाभर वारा नसेल, त्या आठवड्यासाठी एवढा खर्च कोण करणार? म्हणून जोडीला इंजिन ठेवावे लागले. पवनऊर्जेच्या या कट्टर पुरस्कर्त्याने ही तडजोड स्वीकारली, हा त्यांचा व्यवहारीपणा.

१९०३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पवनवीज संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी ग्रामीण वीजतंत्रज्ञांचे वर्ग सुरू झाले. २४ एप्रिल १९०८ रोजी ला कूर यांचे निधन झाले. पहिल्या महायुद्धात इंधन दुर्मीळ झाले, तेव्हा या कामाची किंमत कळली. १९१८ पर्यंत सुमारे १२० ग्रामीण वीजकेंद्रांत पवनचक्क्या होत्या. त्या वर्गांतील एक विद्यार्थी योहानेस युल यांनी १९५७ मध्ये गेडसर येथे २०० किलोवॉटची पवनचक्की उभारली. ती थेट वीजजाळ्याला जोडलेली होती. साठवणीची टाकी तिला लागलीच नाही.