मेजर रॉबर्ट गिल

अजिंठ्याचीं लेणीं आम्हां जळकोटकरांस परकीं नाहींत. तीं आपल्याच मराठवाड्यांत आहेत. त्यांच्या भिंतींपुढें ज्यांनीं आयुष्य वेंचिलें, त्या गिलसाहेबांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देतों.

त्यांचा जन्म १८०४ सालीं झाला. ते मद्रासच्या सैन्यांत अधिकारी होते. १८४४ सालीं कंपनी सरकारनें त्यांस तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्यास नेमिलें. अंधाऱ्या लेण्यांत पुसट झालेली एकेक रेषा न्याहाळून त्यांनीं मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत चित्रें उतरविलीं. हीं चित्रें विलायतेंत क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडलीं असतां १८६६ च्या डिसेंबरांत तेथें आग लागली आणि बहुतेक सर्व जळून गेलीं. कित्येक वर्षांची मेहनत एका दिवसांत नष्ट झाली! तरी साठी उलटलेल्या त्या गृहस्थांनीं पुनः लेण्यांत जाऊन काम आरंभिलें. १८७९ सालीं ते वारले. त्यांची कबर भुसावळ येथें आहे.

चित्र नाहींसें झालें तरी नीट पाहण्याची लागलेली संवय नाहींशी होत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं अंगणांतील एकच झाड महिनाभर रोज समोर बसून काढावें. पहिलें व शेवटचें चित्र शेजारीं ठेवून पाहावें, म्हणजे आमचें म्हणणें पटेल.