राजर्षी शाहू महाराज : करवीरचा कायदेसुधारक

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये दत्तकविधानाने करवीरच्या गादीवर आले आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. राधानगरीचे धरण, शाहूपुरीची पेठ, कुस्त्यांची मैदाने हे सारे आपणां कोल्हापूरकरांस मुखोद्गत आहे. महाराजांनी कायदे कसे व का बदलले, हा चरित्रभाग मात्र तुलनेने कमी सांगितला जातो.

कारभार हाती आला तेव्हा सामान्य प्रशासनातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. २६ जुलै १९०२ रोजी, महाराज विलायतेत असताना, निघालेल्या हुकुमाने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. परंतु जागा राखली, तरी शिकलेला उमेदवार आणावा कोठून? वसतिगृहांचा प्रारंभ १९०१ मध्येच झाला होता. आपले दिगंबर जैन बोर्डिंगही त्याच वर्षीचे. तथापि बोर्डिंगात येणारा मुलगा आधी गावच्या शाळेत गेलेला असावा लागतो. अडचणीचे मूळ तेथे होते.

ज्यांचे बालपणीचे शिक्षण कागललाच झाले, त्या नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्येच हे करून दाखविले होते. महाराजांना कोणाची मते मोजावयाची नव्हती. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण जारी केले. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरला. मजुराच्या घरी तेव्हाचा एक रुपया म्हणजे कित्येक दिवसांची कमाई! आम्हां व्यापाऱ्यांची नजर प्रथम खर्चाच्या रकान्याकडे जाते. फीचे उत्पन्न सोडून शिक्षक व शाळांचा वाढता बोजा दौलतीने पत्करला, यातच मला त्या कायद्याचे खरे वजन दिसते.

याच सुमारास विधवा पुनर्विवाहास कायद्याचा आधार देण्यात आला. १९१८ मध्ये कुलकर्णी वतने खालसा होऊन पगारी तलाठी आले. महार वतनाच्या जमिनी रयतावा करण्यात आल्या, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ सुटली. काही जातींच्या लोकांना गुन्हा केलेला नसतानाही गावकामगारापुढे हजेरी द्यावी लागे. ती पद्धतही त्याच वर्षी बंद झाली. माझ्या मते हा हुकूम सर्वांत मोठा. जन्मावरून चोर ठरविण्याची रीत त्याने मोडली. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले इतरांच्या शाळेत घेण्यात आली. स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदाही त्याच वर्षीचा. १९२० मध्ये जोगतिणींच्या वारसाहक्काचा प्रश्न कायद्याने हाती घेतला गेला.

६ मे १९२२ रोजी महाराजांचे मुंबईत निधन झाले. आपल्या समाजाचे अण्णासाहेब लठ्ठे यांनी १९१४ च्या डांबर प्रकरणानंतर दुरावा येऊन कोल्हापूर सोडले होते व बेळगावी वकिली आरंभिली होती. महाराजांचे विस्तृत इंग्रजी चरित्र १९२४ मध्ये त्यांनीच सिद्ध केले आणि पुढे ते करवीरचे दिवाण झाले.