केंब्रिजच्या रानवाटांवरचे जॉन रे

१६६० साली केंब्रिजमध्ये लॅटिन भाषेतले एक छोटेसे पुस्तक निघाले. सहज खिशात मावेल एवढे, आणि त्यावर लेखकाचे नावही नव्हते. केंब्रिजच्या आसपास कोणती झाडेझुडपे आणि रानफुले आपसूक उगवतात, कोणती नेमकी कुठे सापडतात, याची ती वर्णनासह यादी होती. इंग्लंडमधली काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. एका काउंटीतल्या रानवनस्पतींची अशी नोंद करणारे हे तिथले पहिले पुस्तक. ते लिहिणारे जॉन रे पुढे युरोपभर गाजले; आम्हाला मात्र त्यांची ओळख या पुस्तकापासूनच करून द्यावीशी वाटते.

रे यांचा जन्म २९ नोव्हेंबर १६२७ चा, म्हणजे शिवाजी महाराजांपेक्षा ते सव्वादोन वर्षांनी मोठे. एसेक्समधले ब्लॅक नॉटली हे त्यांचे गाव. वडील लोहारकाम करीत, आई आजाऱ्यांना झाडपाल्याची औषधे देई. मुलगा हुशार निघाला आणि सोळाव्या वर्षी केंब्रिजला गेला. १६४९ मध्ये तो ट्रिनिटी कॉलेजात फेलो, म्हणजे तिथेच राहून शिकवणारा अध्यापक झाला.

लवकरच त्यांची प्रकृती ढासळली. अभ्यास बाजूला ठेवून मोकळ्या हवेत हिंडणे भाग पडले, आणि हिंडताना पायाखालच्या वनस्पतींकडे लक्ष गेले. एवढ्या मोठ्या विद्यापीठात त्या शिकवणारे कोणी नव्हते! मग जुने ग्रंथ आणि समोरचे रोप यांचा मेळ स्वतःच घालत ते शिकले. गॉगमॅगॉगच्या चुनखडीच्या टेकड्या, चेरी हिंटनच्या खाणी, पाणथळ जमिनी, शेतांचे बांध असे सगळे पालथे घातले. पुस्तक निघाले त्याच सुमारास त्यांनी आपल्या जाणकार मित्रांना पत्रे लिहिली. प्रत्येकाने पुढच्या उन्हाळ्यात आपापला प्रदेश शोधावा, वनस्पतींची नावे व ठिकाणे कळवावीत, अशी विनंती केली. शिष्य आणि मित्र फ्रान्सिस विलबी यांच्याकडे वॉरिकशायर व नॉटिंगहॅमशायर सोपवले. सगळा देश एका माणसाच्या पायांनी होणारा नाही, हे त्यांनी ओळखले होते.

पण १६६२ साल उजाडले. यादवी युद्धाच्या काळात अनेकांनी धर्मव्यवस्थेबाबत एक शपथ घेतली होती. राजा परतल्यावर नवा कायदा आला, की ती शपथ कोणावरही बंधनकारक नाही असे पाद्री व अध्यापकांनी लिहून द्यावे. रे यांनी स्वतः ती शपथ घेतलेलीच नव्हती. सही करून मोकळे होणे सोपे होते. पण दुसऱ्याने घेतलेली शपथ आपण रद्दबातल कशी ठरवायची, हा त्यांचा पेच होता. त्यांनी सही केली नाही. कॉलेजातले स्थान, राहण्याची जागा आणि उत्पन्न एकदमच गेले. वय होते चौतीस, आणि घरचा आधार म्हणावा तर लोहाराची भट्टी.

विलबींनी त्यांना सांभाळले. दोघे युरोपभर हिंडले. १६७२ मध्ये विलबी अकाली वारले, पण जाताना रे यांना वर्षाला ६० पौंड मिळतील अशी तजवीज करून गेले. पुढच्या साऱ्या ग्रंथांमागे हीच रक्कम आहे.

नोंदी वाढल्या तसा एक प्रश्न सतावू लागला: वेगळे दिसणारे प्रत्येक रोप वेगळ्या जातीचे मानायचे का? आपल्या अंगणातली निळी गोकर्ण आणि पांढरी गोकर्ण घ्या. रंग वेगळा, म्हणून जात वेगळी का? त्या काळचे अनेक ग्रंथकार फुलाचा रंग किंवा दुहेरी पाकळ्या पाहून नवी जात मांडत आणि याद्या फुगवत. १६७४ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात रे यांनी याला हरकत घेतली. रंग, वास, आकारमान यांतले फरक म्हणजे वाण, जात नव्हे. १६८६ मध्ये त्यांनी कसोटीही दिली: एकाच रोपाच्या बियांतून जे फरक उपजतात ते सगळे एकाच जातीत मोडतात. रानात वर्षानुवर्षे तीच ती झाडे पाहिल्याशिवाय असे सुचत नाही, असे आम्हाला वाटते.

ही कसोटी ज्या ‘हिस्टोरिया प्लँटेरम’ या महाग्रंथात आहे, त्यात मलबारच्या वनस्पतीही आहेत. त्यांची माहिती रे यांनी डच अधिकारी व्हान रीड यांच्या ‘हॉर्टस मलबारिकस’मधून घेतली. त्या ग्रंथाला मदत करणाऱ्यांत रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीनचे कोकणी वैद्य होते, आणि त्यांचे नागरी लिपीतले कोकणी प्रमाणपत्र त्यात छापलेले आहे. मूळ गोव्याकडच्या आणि दूर जाऊन रुजलेल्या समाजातले हे वैद्य. त्यांचे ज्ञान असे एसेक्सच्या एका खेड्यात पोचले.

कारण १६७९ पासून रे ब्लॅक नॉटलीलाच परतले होते. पत्नी मार्गारेट आणि चार मुली असा संसार होता. पायांच्या जखमांनी चालणे अवघड झाले, तेव्हा मुली पतंग आणि सुरवंट पकडून आणू लागल्या आणि रे घरात बसून त्यांच्या नोंदी करू लागले. त्यांतली मेरी १६९८ मध्ये काविळीने गेली. महाग्रंथाचा तिसरा खंड १७०४ मध्ये निघाला. १७ जानेवारी १७०५ रोजी रे वारले, तेव्हा कीटकांचे लेखन अपुरेच होते. ते १७१० मध्ये छापले गेले.