वजन घटवणाऱ्या ऑपरेशनमधला 'रू' कोण? त्याला तर रुग्णांचं वजन वाढवायचं होतं!

पिंपरी-चिंचवड, चाकणमध्ये कुणाचं वजन खूपच वाढलं, जोडीला डायबेटिस असला, तर डॉक्टर कधीकधी बॅरिअॅट्रिक सर्जरी सुचवतात. त्यातले दोन मुख्य पर्याय म्हणजे स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून काढतात. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. या बायपासचं पूर्ण नाव 'रू-एन-वाय'. त्यातले रू म्हणजे सेझार रू.

त्यांचा जन्म १८५७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झाला. बर्नला ते थिओडोर कोखर यांच्या हाताखाली तयार झाले. कोखर यांना १९०९ मध्ये नोबेल मिळालं. रू मात्र लोझानला गेले आणि तिथे सर्जरीचे प्राध्यापक झाले.

त्यांच्याकडे येणाऱ्या काही रुग्णांचा अक्षरशः सापळा झालेला असायचा. अल्सर किंवा कॅन्सरमुळे जठराचं खालचं तोंड बंद व्हायचं आणि खाल्लेलं सगळं उलटून पडायचं. सर्जन जठराला आतडं जोडून नवी वाट काढत, पण त्याच वाटेने पित्त जठरात चढायचं. उलट्या थांबत नसत.

१८९० च्या दशकात रू यांनी आतडं कापून त्याचं खालचं टोक जठराला जोडलं. पित्त आणणारं वरचं टोक त्यांनी बरंच खाली, त्याच आतड्याच्या बाजूला जोडलं. आकार झाला इंग्रजी वाय. अन्न एका फांदीतून, पित्त दुसऱ्या फांदीतून.

पण जोडाच्या जागी अल्सर होऊ लागले. आम्ल रोखणारी आजची औषधं तेव्हा नव्हती. शेवटी रू यांनी स्वतःच ही पद्धत सोडली. १९३४ मध्ये ते वारले.

१९६६ मध्ये अमेरिकेत एडवर्ड मेसन यांनी लठ्ठपणासाठी बायपास आणला. त्यातही पित्ताचीच अडचण आली. १९७७ मध्ये वॉर्ड ग्रिफेन यांनी त्याला रू यांचा वाय जोडला. उपाशी माणसाला जेवता यावं म्हणून शोधलेली वाट आता वजन उतरवण्यासाठी वापरात आली.

रू यांना हरवणारा अल्सर आजही पूर्ण गेलेला नाही. म्हणून बायपासनंतर सिगारेट बंद, मनाने पेनकिलर घेणं बंद. आयर्न, बी-१२ च्या गोळ्या आणि तपासण्या मात्र आयुष्यभर. ऑपरेशन ठरवताना डॉक्टरांशी आधी हेच बोला.